गाडी घेण्याआधी कराचे थर मोजा: चार मीटर, १२०० सीसी आणि तुमचे रोजचे किलोमीटर



२२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांवरचा जीएसटी बदलला. तेव्हापासून आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला आहे: "दादा, गाड्या स्वस्त झाल्या म्हणतात. घेऊन टाकू का?" विचारणारा कधी रावेर-सावद्याकडे केळीच्या धंद्यात उतरणारा तरुण असतो, कधी धुळ्यात पापड-मसाल्याचा घरगुती धंदा वाढवणारी ताई असते, कधी जळगावात होलसेलची लाइन धरलेला नवा दुकानदार असतो. परिस्थिती मात्र साधारण सारखीच. दोन-तीन लाख हातात, बाकीचं कर्ज. गाडी चुकीची निवडली तर माल भरायला ठेवलेला पैसा हप्त्यात जातो आणि सीझनमध्ये दुकान रिकामं दिसतं.

म्हणून आजचा धडा गाडीच्या किमतीवर. व्हिडिओत आकडे भराभर जातात, इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठही आहे.

१. किमतीत काय काय असतं?

ऑन-रोड किमतीचे थर वेगळे काढून बघा.

पहिला थर कंपनीची मूळ किंमत. दुसरा थर केंद्राच्या नियमाने लागणारा जीएसटी. हे दोन मिळून एक्स-शोरूम किंमत होते. तिसरा थर राज्याचा मोटार वाहन कर, ज्याला आपण सरळ 'आरटीओ टॅक्स' म्हणतो. तो एक्स-शोरूम किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. चौथा थर विमा, नोंदणी शुल्क वगैरे. आणि गाडी जुनी झाली की पाचवा थर येतो, पर्यावरण कर.

धूर आणि प्रदूषण यांचा संबंध फक्त पाचव्या थराशी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर पहिल्या तिन्ही थरांत तो आहे, फक्त नाव दिसत नाही.

२. मूळ किमतीतला धूर: बीएस-६

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. आपण बीएस-४ वरून थेट ६ वर उडी मारली, पाचवी पायरी गाळली. डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं.

हे साधायला डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा बसवावी लागते. तो खर्च मोठ्या गाडीत खपून जातो, छोट्या गाडीत खपत नाही. म्हणूनच मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. 'छोटी डिझेल घ्या, ॲव्हरेज मिळतं' हा जुना सल्ला तिथेच संपला.

धंद्याच्या दृष्टीने यात एक गोष्ट लक्षात ठेवा. काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करतो तो गाडी गरम होऊन सलग धावली की. तुमची डिलिव्हरी गावातल्या गावात, दोन किलोमीटर चालवा आणि बंद करा अशी असेल, तर फिल्टर चोंदतो आणि गॅरेजचं बिल येतं. रोज पारोळा, एरंडोल, चाळीसगाव अशी लाइन असेल तर डिझेलचा विचार करा. नवीपेठ ते एमआयडीसी एवढंच असेल तर नको.

३. जीएसटीची फूटपट्टी

बाहेरच्या देशांत गाडीचा कर बऱ्याच ठिकाणी सरळ धुरावर मोजतात. ब्रिटनने २००१ पासून आणि फ्रान्सने २००८ पासून गाडी एका किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते त्यावरून कर ठरवायला सुरुवात केली. जास्त ग्रॅम, जास्त कर.

आपल्याकडे जीएसटी ग्रॅम मोजत नाही. तो गाडीची लांबी, इंजिन आणि इंधन मोजतो. लहान गाडी कमी इंधन खाते, कमी धूर सोडते, असा अंदाज त्यामागे आहे. सध्याची फूटपट्टी अशी:

- पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजी: इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि लांबी ४ मीटरपर्यंत, तर १८ टक्के.
- डिझेल: इंजिन १५०० सीसीपर्यंत आणि लांबी ४ मीटरपर्यंत, तर १८ टक्के.
- यात न बसणारी पेट्रोल-डिझेल कार किंवा एसयूव्ही: ४० टक्के.
- इलेक्ट्रिक: ५ टक्के. हा दर १ ऑगस्ट २०१९ पासून आहे, सप्टेंबरमध्ये बदलला नाही.
- मालवाहू गाड्या आणि तीनचाकी: १८ टक्के, आधी २८ होता.

लांबी आणि इंजिन, दोन्ही अटी पाळायला लागतात. उदाहरण बघा. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी, लांबी ३.८६ मीटर. दोन्हीत पास, म्हणून १८ टक्के. आपल्या खान्देशातली लाडकी बोलेरो १४९३ सीसी डिझेल, लांबी ३.९९५ मीटर. तीही पास. आता ब्रेझा बघा. लांबी ३.९९५ मीटर, म्हणजे लांबीत पास. पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसी, म्हणून नापास. तिला ४० टक्के. रस्त्यावर बोलेरोच्या शेजारी उभी केली तर दोन्ही सारख्याच लांबीच्या, पण करात २२ टक्क्यांचं अंतर. तेव्हा 'छोटी एसयूव्ही' एवढं ऐकून थांबू नका, सीसी विचारा.

अजून एक चूक लोक नेहमी करतात. 'जीएसटी १० टक्के कमी झाला म्हणजे किंमत १० टक्के उतरली' असं धरतात. मालवाहू गाडीचा हिशोब करू. मूळ किंमत १०० रुपये. आधी २८ टक्के धरून १२८, आता ११८. दहा रुपये उतरले ते १२८ मधून, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. सेल्समन १० टक्के सांगत असेल तर उरलेले सव्वादोन टक्के कंपनीच्या डिस्काउंटमधून मागून घ्या.

४. आरटीओचा थर

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या चारचाकीचा एकरकमी कर इंधन आणि किंमत बघून ठरतो. १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. १० ते २० लाखांना पेट्रोल १२, डिझेल १४. त्यावर पेट्रोल १३, डिझेल १५. सीएनजी-एलपीजीला आधी ७ ते ९ टक्के होता, जुलै २०२५ पासून त्यात एक टक्का वाढला. तरीही तो पेट्रोलपेक्षा कमीच आहे. इलेक्ट्रिक गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणात करमाफी आहे.

आता सगळे थर एकावर एक ठेवू. तुलना सोपी जावी म्हणून मूळ किंमत सगळ्यांची ८ लाख धरली. विमा आणि बाकी शुल्क बाजूला ठेवलं.

- ४ मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल: जीएसटी धरून ९,४४,०००. त्यावर ११ टक्के १,०३,८४०. एकूण १०,४७,८४०.
- तीच सीएनजी: ९,४४,००० वर ८ टक्के ७५,५२०. एकूण १०,१९,५२०.
- ४ मीटरच्या आतली, १५०० सीसीच्या आतली डिझेल: ९,४४,००० वर १३ टक्के १,२२,७२०. एकूण १०,६६,७२०.
- १५०० सीसी पेट्रोल: ४० टक्के जीएसटी धरून ११,२०,०००. किंमत १० लाखांच्या वर गेली म्हणून १२ टक्के, १,३४,४००. एकूण १२,५४,४००.

पहिली आणि शेवटची ओळ परत वाचा. कंपनीच्या हातात दोन्ही वेळा आठच लाख पडले. तुमच्या खिशातून मात्र दोन लाखांवर रक्कम जास्त गेली, आणि ती कर्जात असेल तर त्यावर व्याजही. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. तो वाया जात नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पण रिटर्नच भरत नसाल तर अडकतो.

आणखी एक मुद्दा नव्या उद्योजकांसाठी. 'दादा, प्रायव्हेट लिमिटेड केली, आता गाडी कंपनीच्या नावावर घेतो' असं बरेच जण उत्साहात म्हणतात. कंपनीच्या नावावरच्या कारला राज्याचा कर २० टक्के आहे. वरच्या पहिल्या उदाहरणात १,०३,८४० च्या जागी १,८८,८०० भरावे लागतील. कंपनीच्या नावाचे आयकरात फायदे असतात, पण आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून तुमच्या सीएला दाखवा. प्रोप्रायटरशिप असेल तर गाडी मालकाच्या वैयक्तिक नावावरच येते.

५. धंद्याची गाडी: इथे नियम उलटतो

आतापर्यंत कारबद्दल बोललो. मालवाहू गाडीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो इनपुट टॅक्स क्रेडिटने.

तुम्ही नियमित जीएसटी भरणारे असाल तर मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येतो. चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर तो मिळत नाही. टॅक्सीसारखी प्रवासी सेवा, ड्रायव्हिंग स्कूल आणि गाड्यांचीच विक्री करणारे, एवढे अपवाद आहेत. कंपोझिशनमध्ये असाल किंवा नोंदणीच नसेल तर क्रेडिटचा प्रश्नच येत नाही.

समजा छोट्या मालवाहूची मूळ किंमत ६ लाख. जीएसटी १,०८,०००. नियमित करदात्याला ही रक्कम पुढे वळती होते, म्हणजे त्याला गाडी पडली ६ लाखाला. कंपोझिशनवाल्याला तीच गाडी पडली ७,०८,००० ला. गाडी एकच, शोरूम एकच, किंमत वेगळी. क्रेडिट घेतलं तर त्या कराच्या रकमेवर आयकरात घसारा घेता येत नाही, हेही लिहून ठेवा.

म्हणून प्रवासी व्हॅन घेऊन मागची सीट काढायची आणि माल भरायचा, हा जुगाड महागात पडतो. क्रेडिट मिळत नाही, आरटीओचा नियम मोडतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. व्हॅनच हवी असेल तर तिचं कार्गो मॉडेल विचारा. आरसी बुकवर काय लिहिलंय, त्यावर सगळं ठरतं.

राज्याचा कर इथेही आहे. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी लिहून मागा. या कराचं क्रेडिट मिळत नाही.

६. इलेक्ट्रिक: कर काढून किंमत बघा

आता एक गंमत दाखवतो. टाटा एस प्रो ही ७५० किलो माल नेणारी छोटी गाडी जून २०२५ मध्ये बाजारात आली. सुरुवातीची किंमत पेट्रोलला ३.९९ लाख आणि इलेक्ट्रिकला ६.५० लाख. वरवर पाहता इलेक्ट्रिक दीडपटीपेक्षा थोडी महाग.

आता त्यातून कर काढा. पेट्रोलवर तेव्हा २८ टक्के होता, म्हणून ३.९९ ला १.२८ ने भागा. उत्तर सुमारे ३.१२ लाख. इलेक्ट्रिकवर ५ टक्के, म्हणून ६.५० ला १.०५ ने भागा. उत्तर सुमारे ६.१९ लाख. मूळ किमतीत इलेक्ट्रिक जवळजवळ दुप्पट आहे. बॅटरीचा खर्च कराने झाकला होता.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पेट्रोल गाडीचा कर २८ वरून १८ झाला तेव्हा इलेक्ट्रिकची सवलत न बदलताही आकसली. आधी अंतर २३ टक्क्यांचं होतं, आता १३ चं. दोन, तुम्हाला क्रेडिट मिळत असेल तर जीएसटीच्या कमी दराचा तुम्हाला विशेष उपयोगच नाही. पेट्रोलचा १८ टक्केही तुम्हाला वळता होतोच. तुमच्यासाठी खरी तुलना ३.१२ आणि ६.१९ अशी आहे. इलेक्ट्रिकची बाजू सावरते ती राज्याच्या करमाफीने आणि रोजच्या इंधनाने.

मग रोजचा हिशोब करू. पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी १८ चं ॲव्हरेज, वीज १० रुपये युनिट, एका युनिटला ६ किलोमीटर असं धरू. तुमचे दर वेगळे असतील तर तुमचे घाला. दिवसाला ६० किलोमीटर चालवलं तर पेट्रोलचे ३५०, विजेचे १००. रोज २५० वाचले. वर्षाला ३०० दिवस धरले तर ७५ हजार.

राज्याचा कर वाचला तो वजा करून दोन गाड्यांतला फरक सुमारे २ लाख ८० हजार राहतो. तो भरून निघायला:

- रोज ३० किलोमीटर: साडेसात वर्षं
- रोज ६० किलोमीटर: पावणेचार वर्षं
- रोज १०० किलोमीटर: सव्वादोन वर्षं

जास्तीच्या कर्जाचं व्याज यात धरलेलं नाही. ११ टक्क्यांनी पहिल्या वर्षीच तीस हजारांच्या आसपास होईल. रोज ३० किलोमीटर चालवणाऱ्याची वर्षाची बचत साडेसदतीस हजार, म्हणजे ती जवळपास व्याजातच गेली.

जास्त चालेल तितकी इलेक्ट्रिक परवडते. पण जास्त चालवायचं म्हटलं की अंतर आडवं येतं. या गाडीची कंपनीने सांगितलेली रेंज १५५ किलोमीटर. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १८०. माल भरलेला, मे महिन्यातलं आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन, अशा वेळी कागदावरची रेंजही पूर्ण मिळेल असं धरू नका. धुळ्यात माल उतरवताना चार्जिंगची खात्रीची सोय असेल तरच ही लाइन इलेक्ट्रिकवर लावा. शहरातल्या शहरात रोज ऐंशी-शंभर किलोमीटर फिरणारा, रात्री घरी किंवा गोडाऊनवर चार्ज करणारा, त्याच्यासाठी मात्र ती चांगली आहे. आणि सबसिडी मिळाली तर आनंद माना, पण हप्त्याच्या हिशोबात ती धरू नका.

७. जुनी गाडी घेताना

कमी भांडवलात सेकंड हँड घेणं वाईट नाही. फक्त तारीख बघा. महाराष्ट्रात व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर आणि खासगी गाडीला १५ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो. सात वर्षांची मालवाहू स्वस्तात मिळाली तर पुढच्याच वर्षी हा थर चालू होणार हे धरून भाव करा. घेण्याआधी आरटीओच्या ऑनलाइन रेकॉर्डवर थकीत कर, दंड, फिटनेस आणि बोजा तपासा. मागचे थकलेले पैसे नव्या मालकाच्या गळ्यात येतात. आणि बीएस-४ की बीएस-६ हे आरसीवर बघून घ्या, विकताना तोच प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार आहे.

८. पुढे काय बघायचं?

केंद्राचा कॅफे नावाचा आणखी एक नियम आहे. त्यात एका गाडीचा धूर बघत नाहीत, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारची कार्बन डायऑक्साइडची सरासरी बघतात. २०२२-२३ पासून ही मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आहे, आणि एप्रिल २०२७ पासूनच्या कडक टप्प्याची तयारी चालू आहे. सरासरी खाली आणायची तर कंपनीला सीएनजी, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या जास्त खपवाव्या लागतात. शोरूममध्ये अमुक मॉडेलवर अचानक मोठी ऑफर दिसते त्यामागे कधीकधी हेही गणित असतं. ऑफर घ्यायला हरकत नाही, पण ती तुमच्या लाइनला बसते का हे तुम्हीच बघायचं.

गृहपाठ

शोरूमला जाण्याआधी एका पानावर हे सहा मुद्दे लिहा:

१. पुढचे सात दिवस रोज माल नेण्या-आणण्यात किती किलोमीटर होतात. अंदाज नको. भाड्याची रिक्षा किंवा छोटा हत्ती करत असाल तर त्याचं मीटर बघा.
२. त्या सात दिवसांत भाड्यावर किती खर्च झाला.
३. तुम्ही नियमित जीएसटीत आहात, कंपोझिशनमध्ये की नोंदणीशिवाय.
४. आवडलेल्या गाडीची लांबी, सीसी, इंधन आणि आरसीवरचा प्रकार.
५. कोटेशन थरांत फोडून: मूळ किंमत, जीएसटी, राज्याचा कर, विमा, बाकी शुल्क. एकच आकडा लिहून दिला तर परत पाठवा.
६. महिन्याचा हप्ता, इंधन, चालक आणि देखभाल मिळून खर्च, आणि शेजारी आजचा महिन्याचा भाड्याचा खर्च.

सहाव्या मुद्द्यात गाडीचा खर्च भाड्यापेक्षा जास्त येत असेल आणि फेऱ्या वाढण्याची पक्की ऑर्डर हातात नसेल, तर अजून सहा महिने भाड्यानेच माल न्या. वाचलेले दोन-तीन लाख मालात फिरवा. जीएसटी १८ टक्के आहे म्हणून तुमच्या धंद्याला गाडीची गरज निर्माण होत नाही. फेऱ्या वाढल्या की तुमचं पान तुम्हाला सांगेल, आणि तेव्हा कोणती गाडी घ्यायची हेही त्याच पानावर लिहिलेलं असेल.

पान भरून झालं की फोटो काढून बॅचच्या ग्रुपवर टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली तीन पानं घेऊन हिशोब सगळ्यांसमोर मांडू: एक गावातल्या डिलिव्हरीचं, एक तालुक्याच्या लाइनचं आणि एक जळगाव-धुळे फेरीचं.